नाटकातल्या घोड्या-कुत्र्यांवरची जुनी इंग्रजी व्यंगचित्रं कशी वाचायची

ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर ही चित्रं फुकट पाहता येतात. मोठ्यात मोठ्या आकारात उघडा आणि आधी तळाची बारीक ओळ वाचा. छापील चित्रांच्या हक्कांसाठी झालेल्या १७३५ च्या कायद्यामुळे प्रकाशकाचं नाव आणि तारीख सहसा तिथे कोरलेली सापडते.

मग तारीख नाटकाशी जुळवा. डिसेंबर १८०३ च्या आगेमागे कुत्रा दिसला, तर तो बहुधा लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहाचा कार्लो. ‘द कॅरॅव्हॅन’मध्ये तो खऱ्या पाण्यात उडी घेऊन मुलाला वाचवायचा. १८११ चे घोडे लंडनच्याच दुसऱ्या नाट्यगृहाचे, कॉव्हेंट गार्डनचे: फेब्रुवारीत ‘ब्लू बीअर्ड’, एप्रिलअखेर ‘टिमूर द टार्टर’. हत्ती असेल, तर त्याच वर्षीच्या नाताळातल्या पँटोमाइमचा, म्हणजे गाण्या-विनोदाच्या खेळाचा, भारतातून नेलेला चुनी. इथवर काही अवघड नाही.

खरी मेख पुढे आहे. चेष्टा चाललीय कोणाची? प्राण्यांच्या हालांवर टीका आहे, असं ठोकून देणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. ॲस्टलीच्या सर्कशीत घोडे रोज नाचत, तेव्हा कोणाच्या पोटात दुखत नव्हतं. पण लंडनमध्ये हिवाळी हंगामात संवादी नाटक करण्याचा परवाना फक्त ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डनला होता. शेक्सपिअरची मक्तेदारी ज्यांच्या हातात, त्यांनीच रंगमंचावर तबेला आणला, ही खरी चीड. म्हणून नाट्यगृह कोणतं, हे कळल्याशिवाय विनोदाचा अर्थ लावूच नका.

त्यासाठी प्राणी तळहाताने झाका आणि उरलेली माणसं बघा. लांबट चेहरा, बाकदार नाक आणि राजाची ऐट दिसली, तर तो जॉन फिलिप केंबल, कॉव्हेंट गार्डनचा मॅनेजर. सुजलेलं दारुड्याचं नाक दिसलं, तर ड्रुरी लेनचा मालक शेरिडन. दोघेही पैशाच्या तंगीत. केंबलचं थिएटर १८०८ मध्ये जळलं. नवं बांधून तिकिटाचे दर वाढवले, तर प्रेक्षकांनी ६७ रात्री धिंगाणा घातला. असा माणूस घोडे आणणार नाही तर काय करणार? शेरिडनचा किस्सा ‘द कॅरॅव्हॅन’चा लेखक रेनॉल्ड्स यानेच लिहून ठेवलाय. नाटक गाजल्यावर शेरिडन ‘माझा तारणहार कुठाय?’ करत आत आला. लेखकालाच शोधतोय असं वाटलं, तर म्हणे, लेखक नव्हे रे, कुत्रा! चित्रात मॅनेजरच्या हातात पैशाची थैली दिसली, की हा किस्सा आठवा. पायाखाली पुस्तकं असतील, तर त्यांच्या पाठीवरची नावं वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. टोमणा बरेचदा तिथेच असतो.

चेहरा ओळखू आला नाही, तर नाव शोधा. ते अर्धवट असेल, कारण मधली अक्षरं गाळून रेघ मारायची रीतच होती. पहिलं आणि शेवटचं अक्षर पुरतं.

कोटाच्या रंगावरून तर्क लढवणाऱ्यांचं मला नवल वाटतं. रंग एकेका प्रतीवर हाताने भरत. एका प्रतीतला निळा कोट दुसरीत तपकिरी असू शकतो. रेषेवर विश्वास ठेवा, रंगावर नको.

आणि १८२६ ची हत्तीची चित्रं या ढिगात घालू नका. चुनीला त्या वर्षी एक्सेटर चेंजमधल्या प्राणिसंग्रहात गोळ्या घातल्या गेल्या. त्या चित्रांचा नाटकाशी संबंध नाही.