कोकणातल्या हवेतलं युरेनियम मोजायचंय? आधी कोरा फिल्टर मोजा

हवेत युरेनियम इतकं कमी असतं की बहुतेक वेळा मशीन नाही, फिल्टर, अ‍ॅसिड आणि भांडीच घात करतात. ग्लास फायबरच्या फिल्टरमध्ये स्वतःचंच युरेनियम असतं, तो घेऊच नका, सेल्युलोज किंवा चांगला क्वार्ट्झ घ्या. आणि त्याच पाकिटातले दोन-तीन कोरे फिल्टर सॅम्पलरवर (हवा फिल्टरमधून ओढणारं यंत्र) लावून, न चालवता काढून परत आणा. हे फील्ड ब्लँक नसतील तर पुढची सगळी मेहनत पाण्यात.

हाय-व्हॉल्यूम सॅम्पलर 24 तास चालवायचा. फिल्टर धुळीने तुंबला की फ्लो कमी होतो, म्हणून सुरुवातीचा आणि शेवटचा दोन्ही आकडे लिहा, आणि मधे लाइट गेली असेल तर टायमरवर दिसतील तेवढेच तास धरा. जवळ चिऱ्याची खाण असेल तर तेही वहीत लिहा, ती लाल धूळ फिल्टरवर लगेच दिसते.

लॅबमध्ये काचेचं काही वापरू नका, टेफ्लॉनच. नुसत्या नायट्रिकने मातीचे कण पूर्ण विरघळत नाहीत, थोडं हायड्रोफ्लोरिक लागतं. हे अ‍ॅसिड कातडीतून आत जातं आणि कधीकधी लगेच दुखतही नाही, त्यामुळे एकट्याने करू नका, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (अंगावर सांडलं तर लगेच लावायचं) हाताशी ठेवा, नंतर नायट्रिक घालून ते पूर्ण उडवा आणि 2 टक्के नायट्रिकमध्ये 50 मिली करा.

आता किनाऱ्यावरची खरी डोकेदुखी, मीठ. रत्नागिरी-मालवणकडचा फिल्टर चिमट्याने उचलला की दमट लागतो, आणि त्यातलं सोडियम आयसीपी-एमएसमध्ये (अणू वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणारं मशीन) सिग्नल दाबतं, मशीनच्या आत बारीक भोक असलेला धातूचा शंकू म्हणजे कोन, त्याच्या तोंडाशी पांढरा थर धरतो. म्हणून प्रत्येक सॅम्पलमध्ये बिस्मथ इंटर्नल स्टँडर्ड म्हणून (सगळीकडे सारख्याच मात्रेत, सिग्नल दबतोय का ते कळायला) घाला, त्याचा सिग्नल पडला की अजून डायल्यूट करून परत लावा. त्यासाठी थोरियम नको, ते धुळीत असतंच. वाचायचं वस्तुमान 238 वर, निसर्गातलं 99.27 टक्के युरेनियम तेच.

हिशोब उदाहरणाने सांगतो. रीडिंग 0.80 नॅनोग्रॅम प्रति मिली, ब्लँक 0.20, उरले 0.60. गुणिले 50 म्हणजे 30 नॅनोग्रॅम. फिल्टरचा पावच भाग विरघळवला असेल तर गुणिले 4, म्हणजे 120 (ब्लँकचाही पावच घ्यायचा हं). हवा 1500 घनमीटर ओढली असेल तर उत्तर 0.08 नॅनोग्रॅम प्रति घनमीटर.

ब्लँकच्या स्टँडर्ड डेव्हिएशनच्या (आकड्यांतल्या चढउताराच्या मापाच्या) तिप्पट ही तुमची मोजता येण्याची मर्यादा, आणि त्यासाठी सगळे मिळून सात-आठ तरी ब्लँक हवेत. आकडा त्याखाली आला तर शून्य लिहू नका, ‘मर्यादेखाली’ लिहा आणि शेजारी ती मर्यादा द्या.