घरगुती लग्नाचा वाढदिवस: आधी फोटो गोळा करा

एप्रिल 2021 मध्ये कोरोनाच्या निर्बंधांमुळे महाराष्ट्रात 25 माणसांत आणि दोन तासांत लग्नं उरकावी लागली. अशा लग्नाचे फोटो नातेवाइकांच्या मोबाइलमध्ये विखुरलेले असतात. फोन बदलला की तेही जातात. म्हणून वाढदिवसाच्या महिनाभर आधी प्रत्येकाकडून मागवून घ्या. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे पाठवले तर फोटो आकसतात, बारकावे पुसट होतात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. एक प्रत पेनड्राइव्हवर, दुसरी ऑनलाइन ठेवा. 30-40 निवडक फोटो छापून मागे पेन्सिलीनं नावं लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

मंगलाष्टकं घरच्याच कुणी म्हटली असतील, तर त्यांच्याकडून ती पुन्हा म्हणवून रेकॉर्ड करा. पंखा बंद, फोन हातभर अंतरावर. हे पुढच्या वर्षावर ढकलू नका.

पैठणी त्या निमित्तानं बाहेर काढा. सावलीत तासभर वारा द्या, ऊन नको, रंग उडतो. घडी दरवेळी नव्या जागी घाला, नाहीतर जरीची तार त्याच रेषेवर तुटते. धुतलेल्या मलमलीत गुंडाळा. प्लॅस्टिकमध्ये दमटपणा कोंडतो, अत्तरानं जरीची तार काळवंडते.

जेवण लग्नातलंच करा. दहा जणांच्या मसालेभाताला पाऊण किलो तांदूळ, पाव किलो तोंडली आणि तांदळाच्या दुप्पट आधणाचं पाणी. गार पाणी घातलं तर शिजताना भाताचा गोळा होतो.