आईच्या खोलीत वायफाय पोचलं

वाशीतलं आमचं घर जुनं, भिंती जाड. राउटर हॉलमध्ये, आईची खोली पार टोकाला. मावशीचा व्हिडिओ कॉल आला की तिचा चेहरा अर्धवट थिजायचा. रिपीटर, म्हणजे राउटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारं यंत्र, आणून थेट पलंगाजवळ लावला. फोनवर दांड्या पूर्ण, तरी कॉल अडकतच होता! रिपीटरलाच तिथे धड सिग्नल मिळत नव्हता, तो पुढे काय देणार? मग तो पॅसेजमध्ये, फ्रिजपासून लांब लावला. राउटरशी ५ गिगाहर्ट्झच्या बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) जोडला, आईचा फोन २.४ च्या बँडवर ठेवला. २.४ ची लहर भिंतीतून जास्त पुढे जाते. रिपीटरने एकाच बँडवर घेणं-देणं केलं तर वेग जवळपास निम्मा होतो. केबल ओढता येत असेल तर तीच ओढा. आमच्याकडे जमत नव्हतं. काल आई मावशीशी पाऊण तास बोलली, एकदाही न तुटता.