जुने घर असो वा नवे, पाहणी करताना या चुका टाळा

इंदूरमध्ये घर घेणारे नातलग आणि परिचित मला "काका, एकदा नजर टाकून जा" असे म्हणून सोबत नेतात, तेव्हा दहांपैकी आठ वेळा बयाणा देऊन झालेला असतो, वास्तुशांतीचा मुहूर्तही काढलेला असतो आणि माझ्याकडून त्यांना मत नको, होकार हवा असतो. ही पहिली चूक आहे आणि तिच्यावर अभियंत्याकडे इलाज नाही. पुढे लिहिलेल्या चुका मात्र टाळता येण्यासारख्या आहेत. त्यांतील दोन मी इतक्यांदा पाहिल्या आहेत की त्यांच्याविषयी थोडे सविस्तर आणि थोडे चिडून लिहिणार आहे.

जुन्या घरात सर्वांत मोठा घोटाळा चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केल्याने होतो. रामबाग, मल्हारगंज, राजवाड्याच्या मागच्या गल्ल्या, या भागांतील जुनी घरे पक्की वीट, चुना आणि सागवानी कडीपाट यांची आहेत. चुन्याची भिंत ओल शोषते आणि उन्हाळ्यात ती बाहेरही टाकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर वॉटरप्रूफ रंग चढवला की पाणी बारीक भेगांतून आत शिरते, परंतु त्याला परतीची वाट उरत नाही. खालून चढणारी ओल गिलाव्याच्या वरच्या कडेपर्यंत जाऊन तिथे लोणा धरते, आणि घरमालक म्हणतो, गिलावा आणखी दोन फूट वर घ्यायला हवा होता.

माझ्या मावसभावाने रामबागेत असेच एक घर पसंत केले होते. गल्लीच्या बाजूची भिंत जोत्यापासून छतापर्यंत ताज्या सिमेंटने गुळगुळीत केलेली होती आणि तिच्यावर क्रीम रंग होता. "भिंत बघ, नवी कोरी!" असे तो मला दोनदा म्हणाला. आतल्या खोलीत शिडी लावून मी तुळयांची टोके पाहिली. मधोमध बोटाच्या पेरांनी ठोकले की तुळई खणखणीत बोलत होती. भिंतीत शिरण्याच्या वीतभर आधी मात्र आवाज भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा झाला. तिथे पेचकस लावून हलकेच दाबला, तर तो मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर काढताना त्याच्याबरोबर तपकिरी ओलसर भुसा आला. सातपैकी पाच तुळयांची हीच गत होती. सागाला वाळवी सहसा लागत नाही, या भरवशावर त्या घरात कोणी कधी शिडीच लावली नव्हती. इथे तर वाळवीची गरजही पडली नाही, कारण कोंडलेल्या ओलीने सागसुद्धा कुजतो.

भाव पाडून त्याने ते घर घेतलेच. बाहेरचा सगळा सिमेंट गिलावा खरवडून काढला, कुजलेली टोके कापून तिथे दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनेल बसवले आणि भिंत उघडी ठेवली. अशी भिंत महिन्याला साधारण एक इंच वाळते असा आमच्या धंद्यातला ठोकताळा आहे. म्हणजे चौदा इंची भिंत दोन्ही बाजूंनी वाळायला सुमारे सात महिने द्यायला हवेत. ठेकेदार तिसऱ्या आठवड्यात पुट्टीच्या गोण्या घेऊन हजर झाला, कारण त्याला पुढचे काम धरायचे होते. त्या गोण्या मी स्वतः परत पाठवल्या. चुन्याचा गिलावा दिवाळीनंतर खरवडलेल्या त्या भिंतीवर वैशाखात झाला. त्यामुळे वहिनी सहा महिने माझ्याशी तुटक बोलत होत्या, ते निराळे.

दुसरी चूक भेगांविषयीची आहे आणि ती दोन्ही टोकांना होते. कोणी केसाएवढ्या रेषेला घाबरून सौदा मोडतो, तर कोणी बोट जाईल एवढ्या तड्यात पुट्टी भरून मोकळा होतो. नव्या घरात काँक्रीटचा कॉलम आणि विटांचे काम जिथे मिळते, तिथे उभी सरळ रेष दिसली, तर बहुधा गिलाव्याखाली जाळी न लावल्याचा तो परिणाम असतो. त्यात आळस आहे, धोका नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून तिरकी, पायऱ्यांसारखी चढत जाणारी आणि एका टोकाला रुंद होणारी भेग मात्र पायाची गोष्ट सांगते. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे उथळ पायावर बांधलेले घर तिच्याबरोबर दरवर्षी वरखाली होते. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी फुगीर असलेल्या पाइल्सची, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांची, पद्धत विकसित केली. ऋतूप्रमाणे ओल बदलते त्या थराच्या खाली इमारतीला टेकू मिळावा, हा तिचा हेतू आहे. घरमालकाला "पाया किती खोल आहे?" असे विचारले की तो हमखास "भरपूर" म्हणतो. "भरपूर" हे माप मला अजून कोणत्याही नकाशात सापडलेले नाही.

अशा भेगेवर मी आरशाच्या दुकानातून आणलेली पातळ काचेची पट्टी आडवी चिकटवतो. गिलावा किंचित खरवडून दोन्ही टोकांना घट्ट डिंक लावतो आणि पट्टीवर तारीख लिहितो. पट्टी वर्षभर शाबूत राहिली तर भेग जुनी आणि शांत आहे, तडकली तर घर अजून हलते आहे. "वर्षभर कोण थांबणार?" असे विचारणाऱ्यांना मी निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा थांबा असे सांगतो, आणि तेही जमणार नसेल तर मला नेऊ नका असेही सांगतो. हौद अशा भेगेच्या जवळ असेल तर आधी हौद तपासावा. जलूदहून नर्मदेचे पाणी येते त्या दिवशी तो भरून घ्यावा, नळ आणि मोटर बंद ठेवून पाण्याच्या पातळीला खडूची रेघ ओढावी आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. गळका हौद एका कोपऱ्याखालची माती बारा महिने फुगवून ठेवतो.

स्लॅबच्या खालच्या बाजूला सळईच्या रेषेत तांबूस भेग दिसली, तर तिथे रंग देऊ नका. लोखंड गंजून फुगल्याने काँक्रीट सुटते आहे. बहुधा स्लॅबला मिळायला हवे ते २० मिलिमीटरचे कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, सळईखाली मिळालेले नसते.

नवे घर म्हणजे निर्दोष घर, हा समज वायरिंगच्या बाबतीत सर्वांत महाग पडतो. बायपासच्या बाजूच्या एका नव्या इमारतीत भाचीच्या फ्लॅटचा ताबा घेताना मी तीन दिव्यांचा टेस्टर प्रत्येक सॉकेटमध्ये घालून पाहिला, तेव्हा एकाही सॉकेटला अर्थिंग नव्हते. डबा उघडला तर हिरव्या वायरी भिंतीतून आल्या होत्या आणि नीट छाटून आतच मुडपून ठेवल्या होत्या, जणू कोणाला त्यांची अडचण होत होती. साइटवरच्या मुलाने आरसीसीबीचे, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे, टेस्ट बटण दाबून "बघा, ट्रिप होतो की!" असे दाखवले. ते बटण फक्त त्या यंत्राची तपासणी करते, अर्थिंगची नाही. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी अवश्य असावा, पण गीझर सुरू करण्यापूर्वी हिरवी वायर जोडलेली आहे हे डोळ्यांनी पाहावे.

बाकीचे थोडक्यात. बाथरूममध्ये काचेची गोटी सोडावी, ती जाळीकडे न जाता दाराकडे गेली तर फरशी पुन्हा करावी लागेल. टाइलवर रुपयाचे नाणे ठोकून पोकळ आवाज येतो का ते ऐकावे. गच्चीवर पाणी तुंबवून २४ तास ठेवावे. गिलावा किल्लीने खरवडावा आणि वाळू भुरभुरली तर त्याला पाणी मारलेले नाही असे समजावे. आयएस ४५६ हे काँक्रीटकामाचे भारतीय मानक साध्या सिमेंटच्या काँक्रीटलाही किमान ७ दिवस, आणि कोरड्या उष्ण हवेत १० दिवस ओले ठेवायला सांगते. इंदूरच्या मे महिन्यात तेवढे पाणी मारणारा ठेकेदार भेटला तर त्याचा पत्ता मलाही द्या. देवघर ईशान्येला आहे की नाही हे पाहण्यात तासभर घालवणाऱ्यांनी निदान दहा मिनिटे गच्चीवर जावे.

नव्या इमारतीत ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष दाखवून दिला, तर रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. लोक मात्र फोनवर भांडतात आणि लेखी काहीच देत नाहीत. दोषाचा फोटो काढताना मी शेजारी मोजपट्टी आणि त्या दिवशीचा वर्तमानपत्राचा अंक धरतो. मोबाइल तारीख आपोआप नोंदवतो असे भाची म्हणते, तरी अंक धरायला मी तिलाच उभी करतो.