ब्लोअरच्या इम्पेलरचं पातं सांध्यातून सुटू नये म्हणून

दसरा-दिवाळीला जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणं) सुरू झाली की खानदेशात ब्लोअर महिनोन्‌महिने थांबत नाहीत. जळगावच्या डाळ मिलमध्ये तर ते वर्षभर चालतात. त्यांचे इम्पेलर, म्हणजे हवा फेकणारी पात्यांची चाकं, बहुतेक वेळा जवळच्या फॅब्रिकेशन शॉपमध्येच बनतात. पातं तुटतं ते क्वचितच मधोमध. सुटतं ते सांध्यातून. म्हणून सांधा कागदावरच नीट ठरवावा लागतो, वेल्डरच्या हातावर सोडून चालत नाही.

आधी ओढ किती पडते ते पाहू. ८०० मिमी व्यासाचा इम्पेलर घ्या. त्यात ८ सरळ पाती, प्रत्येक २०० मिमी लांब, १६० मिमी रुंद, ४ मिमी जाड. एका पात्याचं वजन साधारण १ किलो आणि त्याचा गुरुत्वमध्य शाफ्टपासून ३०० मिमीवर. १४४० आरपीएमला (मिनिटाला १४४० फेरे) हे एक किलोचं पातं बाहेरच्या दिशेनं जवळजवळ ७०० किलोनं ओढलं जातं. पुली बदलून २००० आरपीएम केले की ओढ जवळपास दुप्पट, कारण ती वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. हवा कमी पडते म्हणून नुसती पुली बदलणं एवढ्यासाठीच घातक आहे. सांधा जुन्या वेगासाठी केलेला असतो.

ही ओढ पात्याच्या रुंदीच्या मध्यावर लागते, पण पातं धरलेलं असतं एका कडेला, मागच्या प्लेटला, म्हणजे पाती ज्या गोल चकतीवर उभी असतात तिला. त्यामुळे पातं बाहेर सरकू पाहतं आणि कलंडूही पाहतं. बाहेरचं टोक प्लेटवर दाबलं जातं, हबकडचं (शाफ्टवर बसणाऱ्या मधल्या भागाकडचं) टोक प्लेटपासून उचललं जातं. वरच्या उदाहरणात पुढची रिंग (पात्यांच्या दुसऱ्या कडेला जोडलेलं कडं) नसेल तर आतल्या बाजूला सुमारे ४०० किलोची उचल येते. भेग बहुधा हबकडच्या टोकाला का सुरू होते, याचं उत्तर इथे आहे. बरेच जण बाहेरच्या टोकाला वेल्ड जाड करतात आणि आतलं टोक, हात पोचत नाही म्हणून, अर्धवट सोडतात. नेमकं उलटं करायला हवं. पुढची रिंग लावली तर पातं दोन्ही कडांना धरलं जातं आणि हे कलंडणं बरंच थांबतं. जागा असेल तिथे रिंग टाळू नये.

सरकण्याची ओढ मात्र वेल्डवर न टाकता टॅब (पात्याच्या कडेतून पुढे आलेली जीभ) आणि ती ज्यात बसते त्या प्लेटमधल्या खाचेवर टाकावी. मागची प्लेट ६ मिमी धरा. पात्याच्या कडेला दोन टॅब काढा, आतला ४० मिमी लांब, बाहेरचा २५ मिमी. लांबी मुद्दाम वेगळी ठेवायची. मग पातं उलटं बसतच नाही आणि जोडणाऱ्याला ड्रॉइंग बघावं लागत नाही. वाकवलेल्या पात्यांत ही चूक फार होते. टॅबची उंची ५ मिमी ठेवा. तो प्लेटच्या पलीकडे न येता १ मिमी आत राहतो आणि मागून वेल्ड भरायला जागा मिळते.

खाचेची रुंदी ड्रॉइंगवरच्या ४ मिमीवरून ठरवू नका. आलेल्या शीटला व्हर्नियर लावा. ४ मिमीचं शीट थोडं कमी-जास्त भरतं. मोजलेल्या जाडीत ०.३ मिमी मिळवा. शून्य सैलपणा ठेवला तर हातोडा लागतो आणि पातं वाकतं. १ मिमी ठेवला तर पातं तिरकं बसतं. खाचेचे कोपरे गोल ठेवा, कारण टोकदार कोपऱ्यातून प्लेटलाच भेग जाते. टॅबच्या मुळाशी, दोन्ही बाजूंना, २ मिमीची गोल खोबण काढा, नाहीतर पातं प्लेटला टेकत नाही. खाचेपासून प्लेटच्या काठापर्यंत किमान १५ मिमी पत्रा राहू द्या.

रिंग बसवताना सगळे टॅब एकदम खाचेत जात नाहीत, त्यात अर्धा तास जातो. समोरासमोरच्या दोन पात्यांचे रिंगकडचे टॅब २ मिमी जास्त उंच ठेवा. आधी ते दोन धरतात, मग बाकीचे आपोआप जागेवर येतात. ते उंच टॅब रिंगबाहेर येऊ नयेत एवढी रिंगची जाडी हवी.

जोडण्याआधी पाती वजन करून जोड्या लावा. सारख्या वजनाची पाती समोरासमोर. मग सगळीकडे टॅक (छोटे तात्पुरते वेल्ड), गुण्या लावून तपासणी, आणि वेल्डिंग १, ५, ३, ७, २, ६, ४, ८ या क्रमानं. ओळीनं मारलं की प्लेट एका बाजूला ओढली जाते. फिलेटचा (कोपऱ्यात भरलेल्या तिकोनी वेल्डचा) पाय, म्हणजे एका बाजूची रुंदी, ४ मिमी, पात्याच्या दोन्ही बाजूंना, आणि आतल्या टोकाला वेल्ड न थांबवता वळसा घालून पलीकडे न्यावा. वेल्ड जिथे थांबतो तिथला खड्डा म्हणजे भेगेची सुरुवात.

हब बिडाचा असेल तर प्लेटला वेल्ड करू नका, तडकतो. ८.८ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) सहा एम-१० (१० मिमी) बोल्ट घाला. मध्य साधणं बोल्टचं काम नाही. त्यासाठी हबला कॉलर आणि प्लेटला तिच्या मापाचा बोर (मधलं भोक) हवा. तो बोर वेल्डिंगनंतरच लेथवर घ्या, कारण वेल्डिंगनं प्लेट हललेली असते.

जिनिंगमध्ये रुईचे धागे हवेबरोबर येतात. बाहेर आलेला टॅब, बोल्टचं टोक, वेल्ड करताना उडून चिकटलेला छर्रा, कशालाही ते अडकतात आणि गोळा वाढत जातो. असा सुमारे ४५ किलोचा इम्पेलर १४४० आरपीएमला जी ६.३ या समतोलाच्या दर्जाचा बॅलन्स करायचा तर काठाजवळ फक्त ५ ग्रॅमचा असमतोल शिल्लक चालतो. रुईचा ओला गोळा तेवढा सहज भरतो. म्हणून हवेच्या बाजूचे छर्रे काढा, पण ग्राइंडरनं फिलेटच खाऊ नका.

डाळ मिलमध्ये त्रास वेगळा. टरफल आणि भुकटी प्लेटवरून घासत बाहेर जाते आणि पातं-प्लेटचा कोपराच झिजवते. तिथे तुटक वेल्ड अजिबात नको. हार्डफेसिंगचा (झीज रोखणाऱ्या कडक धातूच्या वेल्डचा) थर पात्याच्या अंगावर चालेल, सांध्यावर नाही. तो ठिसूळ असतो आणि त्याची भेग खाली उतरते.

नवा इम्पेलर ८ तास चालवून थांबवा, वीज तोडा, आतली टोकं घासून साफ करा. रॉकेल लावा, पुसा, वर खडूची पूड. भेग असेल तर पाच-दहा मिनिटांत ओली रेघ उमटते. भेगेवर वरून वेल्ड मारू नका. ती मुळापर्यंत ग्राइंड करून काढा, मग भरा, आणि इम्पेलर पुन्हा बॅलन्सिंगला पाठवा.