रात्री वाजणारा अलर्ट: सर्व्हर मॉनिटरिंगच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

पुण्यात सिस्टिम ॲडमिन किंवा डेव्हऑप्सच्या (सॉफ्टवेअर बनवणं आणि ते सर्व्हरवर चालतं ठेवणं यांना जोडणाऱ्या) कामाला नुकतीच लागलेली मुलं-मुली मला हमखास विचारतात, आधी काय शिकू? सी-डॅकचा कोर्स करून आलेली असोत की थेट इंजिनिअरिंगमधून, बहुतेकांच्या डोक्यात कुबरनेटिस (अनेक सर्व्हरवर ॲप्लिकेशन्स चालवणारी यंत्रणा) असतं. ते शिकाच. पण टीममध्ये आल्याआल्या एखादं काम मागून घ्यायचं असेल, तर मॉनिटरिंगच्या, म्हणजे सर्व्हरवर सतत नजर ठेवून बिघाड कळवणाऱ्या यंत्रणेच्या, अलर्टची साफसफाई मागून घ्या. ते सहसा कुणालाच नको असतं, त्यामुळे लगेच मिळतं. आणि ते करता करता कोणता सर्व्हर कशासाठी आहे, कशावर अवलंबून आहे, रात्रीचा बॅकअप किती वाजता सुरू होतो, हे सगळं अंगवळणी पडतं.

दुसरं कारण मला याहून मोठं वाटतं. हिंजवडी-खराडीतल्या कितीतरी टीम अमेरिकेच्या घड्याळावर चालतात. तिकडच्या उन्हाळी वेळेत न्यूयॉर्कला दुपारचे चार वाजतात, तेव्हा आपल्याकडे रात्रीचा दीड झालेला असतो. ऑन-कॉल, म्हणजे बिघाड झाल्यास उठायची पाळी असलेला, माणूस फोन वाजल्यावर उठतो आणि उठून करण्यासारखं काहीच नसतं, असं वारंवार झालं की तो मेसेज न वाचताच बाजूला सारायला लागतो. मग खरा बिघाडही त्याच ढिगात जातो. म्हणून प्रत्येक अलर्टला एकच प्रश्न विचारा: हा आल्यावर कोण, काय करणार? उत्तर मिळालं नाही, तर त्याची जागा डॅशबोर्डवर आहे, फोनवर नाही.

शिकायला मी अजूनही नॅगिओस हे मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर सुचवतो. ते 1999 साली नेटसेंट या नावाने आलं. जुनं आहे, पण अलर्टचा प्रवास त्यात टप्प्याटप्प्याने डोळ्यांसमोर दिसतो. प्लगइन, म्हणजे प्रत्यक्ष तपासणी करणारा छोटा प्रोग्रॅम, 0, 1, 2 किंवा 3 यांपैकी एक आकडा परत देतो: ठीक, वॉर्निंग, क्रिटिकल, अननोन. पहिल्यांदा गडबड दिसली की स्थिती ‘सॉफ्ट’ असते. ठरवलेल्या संख्येइतक्या तपासण्या सलग फसल्या की ती ‘हार्ड’ होते, आणि नोटिफिकेशनचा, म्हणजे माणसाला कळवण्याचा, विचार तेव्हाच सुरू होतो. समजा, तपासणी दर 5 मिनिटांनी, फेरतपासणी 1 मिनिटाने आणि एकूण प्रयत्न 3. सर्व्हिस एका तपासणीनंतर लगेच पडली, तर कळायला जवळजवळ 5 मिनिटं आणि खात्री व्हायला आणखी 2, म्हणजे साधारण 7 मिनिटं जाणार. ‘अलर्ट उशिरा का आला’ असं कुणी विचारलं की आधी हे गणित कागदावर मांडा. अनेकदा बिघाड काहीच नसतो, आकडेच तसे दिलेले असतात.

‘अलर्ट आलाच नाही’ ही तक्रार मात्र खरी परीक्षा बघते. इथे अंदाजाने सेटिंग बदलत बसू नका. नॅगिओसच्या लॉगमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) त्या वेळेची ‘सर्व्हिस नोटिफिकेशन’ अशी ओळ आहे का, ते बघा. लॉगमधली वेळ 1970 पासूनच्या सेकंदांत असते, ती आधी आपल्या वेळेत बदलून घ्या. ओळ असेल, तर नॅगिओसने आपलं काम केलंय. पुढे मेलची रांग आणि मेल सर्व्हरचा लॉग तपासा. ओळ नसेल, तर नॅगिओसच्याच कुठल्यातरी चाळणीत ती अडकली. डाउनटाइम (ठरवून बंद ठेवायची वेळ) लावलाय का, कुणी अक्नॉलेज (‘बघतोय’ अशी नोंद) केलंय का, फ्लॅपिंग (स्थिती सारखी वर-खाली होणं) मानलं गेलंय का, ते पाहत जा. सर्व्हिसवर जसे नोटिफिकेशनचे पर्याय आणि वेळा असतात, तसे कॉन्टॅक्टवरही (ज्याला कळवायचं त्या माणसाच्या नोंदीवरही) असतात, हे नवीन माणसाच्या नजरेतून निसटतं. सर्व्हिसमध्ये रिकव्हरी चालू आणि कॉन्टॅक्टमध्ये बंद असेल, तर ‘सगळं ठीक झालं’ हा मेल त्या माणसाला कधीच जाणार नाही.

आणखी एक जागा नीट लक्षात ठेवा. वेब स्क्रीनवरून कुणी सगळ्या नोटिफिकेशन बंद केल्या, तर स्टेट रिटेन्शन (आधीची स्थिती साठवून ठेवायची सोय) चालू असताना नॅगिओस ते लक्षात ठेवतं. कॉन्फिग फाइलमध्ये स्पष्ट ‘चालू’ लिहिलेलं असतं, तुम्ही रीस्टार्ट करता, तरी सामसूम. कारण उठल्यावर ते फाइलमधली किंमत सोडून साठवलेली स्थिती उचलतं. फाइल पुन्हापुन्हा वाचून हे सापडत नाही. चालू प्रोसेसची माहिती दाखवणारं पान उघडावं लागतं.

वेळेचंही तसंच. सर्व्हर यूटीसीवर (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) असेल आणि कुणी 9 ते 17 असे ‘ऑफिसचे तास’ लिहिले असतील, तर पुण्यात ते दुपारी अडीच ते रात्री साडेदहा होतात. सकाळी अकराला पडलेली सर्व्हिस मग दुपारपर्यंत गप्प.

उलट टोकाला सततची टिवटिव. डिस्क 89 आणि 91 टक्क्यांच्या मध्ये हेलकावे खातेय आणि मर्यादा 90 आहे. नॅगिओस शेवटच्या 21 तपासण्या बघून फ्लॅपिंग ओळखतं आणि नोटिफिकेशन थांबवतं. पण त्यावर विसंबू नका, कारण त्या काळात खरी अडचणही दबून राहते. झॅबिक्स या दुसऱ्या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये सुटकेची अट वेगळी लिहिता येते: 90 च्या वर गेलं की अडचण, 85 च्या खाली आलं तरच ठीक. मला हा मार्ग कितीतरी प्रामाणिक वाटतो.

प्रोमेथियस या आणखी एका मॉनिटरिंग सॉफ्टवेअरवर काम असेल, तर हेच विचार दोन ठिकाणी वाटलेले दिसतील. अट किती वेळ टिकली पाहिजे ते अलर्टच्या नियमात लिहायचं. कुणाला, किती वेळाने, कोणाबरोबर एकत्र करून पाठवायचं ते अलर्टमॅनेजर या त्याच्या जोडीच्या प्रोग्रॅममध्ये. न बदलल्यास अलर्टमॅनेजर गटासाठी 30 सेकंद थांबतो, गटात भर पडली तर 5 मिनिटांनी कळवतो आणि न सुटलेली अडचण 4 तासांनी पुन्हा सांगतो. मुख्य स्विच पडला असताना त्यामागच्या प्रत्येक मशीनचा वेगळा मेल येत असेल, तर इन्हिबिशनचे (एक अलर्ट चालू असताना दुसरे दाबून ठेवायचे) नियम शिका. नॅगिओसमध्ये तेच काम ‘पेरेंट्स’ (कोणतं मशीन कशामागे आहे ते) लिहून होतं.

सराव घरीही होतो. कोथरूडच्या खोलीतल्या जुन्या लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशीन पुरतात. एकावरची सर्व्हिस मुद्दाम पाडा, लॉग वाचत बसा. जबरदस्तीने पाठवायची ‘कस्टम नोटिफिकेशन’ही वापरून बघा, मात्र ती वेळेची बंधनं ओलांडून जाते, त्यामुळे मेल पोचतो एवढंच तिच्यावरून सिद्ध होतं.

ऑफिसात बदल करताना अलर्ट परस्पर काढून टाकू नका. आधी मागच्या महिन्याच्या लॉगमधून कोणता अलर्ट किती वेळा आला ते मोजा, रात्रपाळीच्या माणसांजवळ बसून प्रत्येकावर त्यांनी काय केलं ते विचारा, आणि ज्यांची सर्व्हिस आहे त्यांची लेखी संमती घ्या.

आणि सगळं शांत झालं की लगेच निश्चिंत होऊ नका. मॉनिटरिंगच बंद पडलं तरी अशीच शांतता असते. म्हणून प्रोमेथियसवाले एक अलर्ट मुद्दाम कायम वाजत ठेवतात, आणि तो यायचा थांबला की बाहेरची दुसरी यंत्रणा फोन करते. ती यंत्रणा वेगळ्या नेटवर्कवर आणि वेगळ्या विजेवर ठेवा. त्याच रॅकमध्ये, त्याच यूपीएसवर असेल, तर दोन्ही एकदमच जातील.