व्हिक्टोरियन हॉटेलमालकाचं चरित्र कसं शोधायचं: आधी प्लॉट, मग माणूस

मुंबईत काळा घोड्याला एका रांगेत चार इमारती उभ्या आहेत: एस्प्लनेड मॅन्शन, आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग, डेव्हिड ससून लायब्ररी आणि एल्फिन्स्टन कॉलेज. पहिली इमारत म्हणजे जॉन वॉटसनचं हॉटेल. शेवटच्या इमारतीत महाराष्ट्राचं पुराभिलेखागार आहे. हॉटेल आणि कागद यांच्यामध्ये फक्त दोन इमारती असूनही हॉटेलावर भरपूर लिहिलं गेलं आणि वॉटसनवर फारच कमी. ओतीव लोखंडाचा सांगाडा, तो आखणारा रोलंड मेसन ऑर्डिश, इंग्लंडहून जहाजानं आलेले सुटे भाग, ७ जुलै १८९६ चा ल्युमिएर बंधूंच्या चित्रफितींचा खेळ हे सगळं वारंवार वाचायला मिळतं. माणसाबद्दल मात्र ‘कंबरलंडहून आलेला कापडाचा व्यापारी’ यापुढे बहुतेक लेख जात नाहीत.

हॉटेल काढणाऱ्या, जमिनी घेऊन इमारती उठवणाऱ्या व्हिक्टोरियन काळातल्या कुठल्याही माणसाचं चरित्र लिहायचं असेल, तर जन्मतारखेपासून सुरुवात करू नका. जॉन वॉटसन या नावाची माणसं त्या काळच्या इंग्लंडात ढिगानं होती. प्लॉट मात्र एकच असतो. प्लॉट पक्का करा, त्याच्या कागदावरची सही बघा आणि त्या सहीमागचा माणूस शोधा.

पहिलं काम इमारतीची सगळी नावं गोळा करण्याचं. कागदोपत्री हे ‘एस्प्लनेड हॉटेल’, लोकांच्या तोंडी ‘वॉटसन्स’. हॉटेल बंद पडल्यावर ‘महेंद्र मॅन्शन’, मग ‘एस्प्लनेड मॅन्शन’. शिवाय अपोलो बंदराकडे ‘वॉटसन्स अ‍ॅनेक्स’ होतं, ते वेगळं. एकाच नावानं शोधलं की अर्धे कागद हातचे जातात आणि अ‍ॅनेक्सचे कागद चुकून मुख्य हॉटेलाच्या खात्यात पडतात.

मग प्लॉटचा नंबर. मुंबई शहरात यासाठी सोन्यासारखं साधन आहे, लाफ्टन सर्व्हे. १८६५ ते १८७२ या काळात केलेल्या या मोजणीचे नकाशे १ इंचाला ४० फूट या प्रमाणात आहेत, म्हणजे १०० फुटांची दर्शनी बाजू कागदावर अडीच इंच भरते. शहरातल्या जुन्या मिळकतींच्या खरेदीखतात आजही सी. एस. (कॅडॅस्ट्रल सर्व्हे, म्हणजे सरकारी जमीनमोजणीच्या) नंबरासोबत कलेक्टरचा जुना नंबर, नवा नंबर आणि लाफ्टन सर्व्हे नंबर लिहिलेले असतात. ही साखळी उलट्या बाजूनं चढा: आजच्या प्रॉपर्टी कार्डावरून सी. एस. नंबर, त्यावरून लाफ्टन नंबर, त्यावरून त्या काळचा धारक. नोंदणी कार्यालयात सूची क्रमांक १ नावावर लागते आणि सूची क्रमांक २ मिळकतीवर. सूची २ पासून सुरुवात करा. साहेबांची नावं कारकुनांनी कानाला लागली तशी उतरवलेली असतात, म्हणून नावावरची शोधाशोध फसते.

कागद हातात आला की त्यात चार भूमिका वेगळ्या काढा. जमिनीचा मूळ मालक (मुंबईत बहुधा सरकार, लंडनमध्ये बहुधा एखादं जमीनदार घराणं), भाडेपट्टेदार, पैसे देऊन गहाण ठेवून घेणारा सावकार, आणि प्रत्यक्ष हॉटेल चालवणारा परवानाधारक. वर्तमानपत्रं यांतल्या कुणालाही सरसकट ‘प्रोप्रायटर’ म्हणतात. दारूचा परवाना मॅनेजरच्या नावावर असला म्हणून तो मालक होत नाही. चरित्रांत सर्वांत जास्त घोळ इथेच होतो.

भाडेपट्ट्याची तारीख जपून वाचा. इंग्रजी पद्धतीत भाडं तिमाहीच्या ठरलेल्या दिवसांपासून मोजत: २५ मार्च, २४ जून, २९ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर. ‘२४ जून १८६८ पासून ९९ वर्षं’ असं लिहिलेलं असलं तरी सही कित्येक महिन्यांनंतरची असू शकते. लंडनमध्ये तर बिल्डरशी आधी नुसता करार होई, पहिलं वर्ष-दोन वर्षं नाममात्र भाडं असे आणि इमारतीवर छप्पर चढल्यावरच खरा पट्टा मिळे, तोही कधी बिल्डरनं सुचवलेल्या तिसऱ्याच माणसाच्या नावे. म्हणून मुदत सुरू होण्याची तारीख, सहीची तारीख, बांधकाम पुरं झाल्याची तारीख आणि हॉटेल उघडल्याची तारीख अशा चार स्वतंत्र रकान्यांत नोंद ठेवा. वॉटसनच्या हॉटेलाला कुणी १८६९ चं म्हणतं, कुणी १८७१ चं. वाद वाटतो, पण एक वर्ष बांधकामाचं आणि दुसरं दारं उघडल्याचं धरलं की दोन्ही नोंदी जागच्या जागी बसतात.

काळाचा संदर्भ लावल्याशिवाय पैशाचा अर्थ लागत नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ पासून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत किल्ल्याची तटबंदी पडली, एस्प्लनेडच्या, म्हणजे किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या मैदानाच्या, कडेचे प्लॉट विकायला निघाले आणि तेजीतल्या पैशानं बोली चढली. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला, बँका आणि कंपन्या बुडाल्या. वॉटसनच्या हॉटेलाचं काम १८६७ मध्ये, म्हणजे या पडझडीनंतर सुरू झालं. तेजीत जमीन घेऊन मंदीत इमारत उठवणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा प्रश्न हाच: बाकीचे बुडाले तेव्हा याच्याकडे पैसा कुठून आला? उत्तर शोधायला १८६५ ते १८७० मधली गहाणखतं आणि कापडाच्या दुकानाच्या जाहिराती एकत्र वाचा.

रुपयाचे पौंड करताना एकच दर शेवटपर्यंत वापरू नका. १८७० च्या आसपास रुपया साधारण दोन शिलिंगांचा होता, म्हणजे १० रुपयांना एक पौंड (१२ पेनींचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड). मग चांदी उतरत गेली आणि १८९० च्या दशकात रुपया एक शिलिंग दोन पेनी आणि त्याहूनही खाली गेला. १८६८ मधले ५०,००० रुपये म्हणजे ५,००० पौंड. तेच रुपये एक शिलिंग दोन पेनीच्या दरानं तीन हजार पौंडही भरत नाहीत. जमिनीचा दर चौरस यार्डात असतो. चौरस फुटाचा दर हवा असेल तर ९ ने भागा.

आता माणूस. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून आहे, त्याआधीचं चर्चच्या वह्यांत. शिरगणती दर दहा वर्षांनी. १८४१ च्या शिरगणतीत पंधरा वर्षांवरच्यांची वयं बहुतेक ठिकाणी खालच्या पाचाच्या पटीत उतरवली आहेत: ३४ वर्षांचा माणूस ३० चा दिसतो. तेवढ्यावरून जन्मवर्ष ठरवू नका. मुंबईत राहणारा माणूस विलायतेच्या शिरगणतीत नसणारच. त्याची मुलं मात्र आजी-आजोबांकडे किंवा शाळेत सापडतात आणि जन्मस्थानाच्या रकान्यात ‘बॉम्बे’ लिहिलेलं असतं. मुंबईतले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नकला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या कागदांमध्ये ‘एन/३’ या मालिकेत आहेत (एन/१ बंगालची, एन/२ मद्रासची). थडगं शोधायचं असेल तर शिवडीची दफनभूमी बघा.

मृत्युपत्रांच्या इंग्लंडमधल्या राष्ट्रीय सूचीवर, म्हणजे प्रोबेट कॅलेंडरवर, जरा थांबा. ती १८५८ पासून आहे. एका नोंदीत नाव, धंदा, पत्ता, मृत्यूची तारीख व जागा, मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा कारभारी कोण आणि शेवटी ‘अमुक पौंडांच्या आत’ अशी रक्कम असते. ती वाचून ‘मरताना एवढीच संपत्ती उरली होती’ असं लिहून टाकण्याचा मोह होतो. पण १८९८ च्या आधी या आकड्यात पूर्ण मालकीची जमीन आणि इमारती धरतच नसत. भाडेपट्ट्याची मिळकत मात्र धरत. म्हणजे जमिनीत पैसा घातलेला माणूस या सूचीत गरीब दिसतो आणि त्याचा पट्टेदार शेजारी श्रीमंत. त्यातही १८८१ पर्यंत कर्ज वजा न करता ढोबळ रक्कम देत. आकडा उतरवा, पण शेजारी त्या माणसाच्या जमिनींची आणि गहाणांची यादी ठेवा, मगच निष्कर्ष काढा. १८८३ नंतरच्या माणसाच्या बाबतीत बायकोचं नावही शोधा: विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा लागू झाल्यावर दिवाळखोरीपासून वाचवायला मिळकती बायकोच्या नावे ठेवणं सोपं झालं.

इमारतीवरूनही एक फेरी मारा. लोखंडी खांबांच्या तळाशी, रंगाच्या थरांखाली, ओतशाळेचं नाव उठावात असू शकतं. बोट फिरवून अक्षरं लागतात, तिरपा उजेड टाकला की फोटोत येतात. ओतशाळेचं नाव म्हणजे ऑर्डर कुणी दिली याचा धागा. वॉटसनच्या इमारतीत मात्र आत शिरू नका. २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळला होता. रस्त्यावरून दिसतं तेवढं पुरे.

ऐकीव गोष्टींसाठी वेगळी वही करा. जमशेटजी टाटांना वॉटसनमध्ये प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे आणि अनेक अभ्यासक तिच्यावर शंका घेतात. अशी गोष्ट चरित्रात घ्यायची तर तीन प्रश्न विचारा: ती पहिल्यांदा छापील कधी आली, त्या वर्षी हॉटेलचा मालक कोण होता, आणि प्रवेश नाकारणारा मालकच होता की मॅनेजर? ताज उघडलं १९०३ मध्ये, वॉटसनचं हॉटेल त्याआधी तीस वर्षांहून अधिक चालू होतं. मधल्या काळातल्या प्रत्येक मालकाची आणि चालकाची तारीखवार यादी होईपर्यंत त्या दाराशी उभा असलेला माणूस ‘जॉन वॉटसन’ होता असं लिहू नका.